फुटलेले हेड, वाकलेला व्हॉल्व्ह



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड, तलवारी आणि तहनामे उभे राहतात. मराठवाड्यात त्यांच्या जोडीला निजामाची राजवट आणि १९४८ चा मुक्तिसंग्राम येतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच काळात ह्याच भूमीवर आणखी एक वस्तू आली. तिने गावाला तालुका आणि तालुक्याला जिल्हा जोडला, आणि तिच्या पोटात हात घालणारा एक नवा कारागीर जन्मास घातला. ती वस्तू म्हणजे मोटारीचे इंजिन आणि तो कारागीर म्हणजे मिस्त्री. ह्या मिस्त्रीचा इतिहास कोणी लिहीत नाही, म्हणून आज आम्ही त्याच्याविषयी बोलणार आहोत. त्याचे सगळे काम एका व्याख्यानात मावणारे नाही. तेव्हा इंजिनाच्या दोनच दुखण्यांपुरते बोलू. एक फुटलेले हेड आणि दुसरे वाकलेला व्हॉल्व्ह.

आम्ही इंजिनिअर नव्हे. शाळा सातवीत सुटली; पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत, वाचनालयात आणि गॅरेजच्या ओट्यावर बसून. पण कामगाराचे भांडण सोडवायचे तर आधी त्याचे काम समजून घ्यावे लागते, असा आमचा तीस वर्षांचा अनुभव आहे. ‘हेड कोणामुळे फुटले?’ हा प्रश्न वरवर यंत्राचा दिसतो. हिशेबाच्या दिवशी तोच कोणाच्या तरी रोजीचा प्रश्न होतो.

ज्यांनी इंजिन उघडलेले पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. इंजिनाचा खालचा जो जड ठोकळा, त्याला ब्लॉक म्हणतात. त्यातल्या नळकांड्यांना सिलिंडर म्हणतात, आणि त्यांत खालीवर होणारा दट्ट्या तो पिस्टन. ह्या नळकांड्यांवर जे झाकण आवळून बसवतात ते हेड. त्याला नुसते झाकण म्हणणे म्हणजे त्याचा अपमान आहे. कारण जळण पेटते ते त्याच्याखाली, थंडाव्याचे पाणी खेळते ते त्याच्या पोटातून, आणि हवा आत घेणाऱ्या व धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा, म्हणजे व्हॉल्व्ह, बहुतेक इंजिनांत त्याच्यातच बसवलेल्या असतात. हेड आणि ब्लॉक ह्यांच्यामध्ये एक पातळ अस्तर असते. पुस्तकात ते गॅस्केट, गॅरेजात ते पॅकिंग. कुकरच्या रिंगेचे जे काम तेच ह्याचे.

व्हॉल्व्ह दिसायला भूछत्रासारखा असतो. खाली टोपी आणि वर दांडी. इंजिन मिनिटाला २४०० फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला १२०० वेळा, म्हणजे सेकंदाला २० वेळा उघडतो आणि मिटतो. धुराचा व्हॉल्व्ह सातशे अंशांच्या पुढे तापतो, लालसर होतो, आणि त्याही अवस्थेत त्याला आपल्या बैठकीवर केसाचीही फट न ठेवता बसावे लागते. इतके काम तर आमच्या युनियनचा सेक्रेटरीही करीत नाही.

जुनी हेडे बहुतेक ओतीव लोखंडाची असत. ओतीव लोखंडाला आपल्या भाषेत बीड म्हणतात. हे बीड दाबाला दांडगे पण ताणाला कच्चे. त्याच्यावर कितीही ओझे ठेवा, ते निमूटपणे सोसते. एकाएकी ओढ बसली की मात्र न वाकता सरळ तडकते. आमच्या जिल्ह्याच्या नावाशी आणि स्वभावाशी हे किती जुळते ते श्रोत्यांनीच ठरवावे.

आता मूळ इतिहासाकडे वळू. निजामाच्या राज्यात सरकारी बस फार लवकर आली. जून १९३२ मध्ये निजाम स्टेट रेल्वेने आपल्या रस्ते-वाहतूक खात्यामार्फत २७ गाड्या आणि १६६ नोकर एवढ्या बळावर बस सुरू केली. खुद्द सरकारने बस चालवण्याचा हा हिंदुस्थानातला अगदी आरंभीचा प्रयोग. त्या गाड्यांत स्कॉटलंडच्या ॲल्बियन कंपनीच्या गाड्या होत्या. बस रेल्वेच्या हाताखाली जन्मली ही गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. रेल्वेच्या कारखान्यात प्रत्येक भागाला क्रमांक असतो, मापाला गेज असते आणि कामाची नोंद वहीत होते. म्हणजे सरकारी बसच्या दुरुस्तीला वळण लागले ते कारखान्याचे. खाजगी मोटारीचे मात्र तसे नव्हते. तिची दुरुस्ती गेली गावच्या लोहाराकडे, सायकलवाल्याकडे, तेलाच्या इंजिनावर पिठाची गिरणी चालवणाऱ्याकडे. एकाच धंद्याची ही दोन घराणी. एकाला वही होती, दुसऱ्याला नव्हती, आणि हा भेद अजून मिटलेला नाही.

आमच्या भागात मोटारीचे महत्त्व किती, हे परगावच्या माणसाला चटकन समजत नाही. बीड शहरातून रेल्वेगाडी सुटली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. तोवर केज तालुक्यातल्या माणसाने गाडी धरायची तर परळी नाही तर लातूर गाठायचे, आणि तेही मोटारीनेच. दवाखाना, कोर्ट, बाजार, बारावीची परीक्षा, सारे इंजिनाच्या भरवशावर. मांजरसुंब्याच्या घाटात एक हेड फुटले की पन्नास माणसांचा दिवस फुटला.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल दुर्मिळ झाले आणि मोटारींच्या मागे कोळशाच्या भट्ट्या आल्या. लोणारी कोळसा अर्धवट जाळायचा, त्यातून निघणारा वायू इंजिनाला पाजायचा. गाडी चाले, पण तिची ताकद तिसऱ्या हिश्शाने तरी घटे, आणि वायूबरोबर राख व डांबर आत जाऊन व्हॉल्व्हच्या दांड्या चिकटत. चिकटलेला व्हॉल्व्ह वेळेवर मिटत नाही. न मिटलेला व्हॉल्व्ह जळतो. हेड उतरवा, राख खरवडा, व्हॉल्व्ह घासून पुन्हा बसवा, हे काम त्या वर्षांत वारंवार करावे लागे. नवे भाग विलायतेहून येणे बंद. आपल्याकडच्या मिस्त्रीला हात बसला तो ह्या टंचाईत, असे आमचे मत आहे. ज्याला नवा भाग मिळतो तो फक्त बदलायला शिकतो. ज्याला मिळत नाही त्याला जुना भाग वाचायला शिकावे लागते.

युद्ध संपल्यावर सैन्याच्या जुन्या गाड्या लिलावात निघाल्या. लोक त्यांना डिस्पोझलच्या गाड्या म्हणत. त्यांत कॅनडात बांधलेल्या फोर्ड आणि शेवरलेट ट्रकांचा भरणा होता. दोन्हींचा आराखडा सैन्याने एकच ठरवलेला, तोंडवळा भावाभावांसारखा. परंतु बॉनेट उचलले की दोघे अगदी निराळे. फोर्डच्या आठ सिलिंडरी इंजिनात व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच, सिलिंडरच्या बाजूला उभे असत. हेड खरोखरच नुसते झाकण होते. शेवरलेटच्या सहा सिलिंडरी इंजिनात मात्र व्हॉल्व्ह वरून, हेडमधून खाली लोंबत.

ह्या फरकावर थोडे रेंगाळायला हवे, कारण आमच्या विषयाचे मर्म इथेच आहे. बाजूच्या व्हॉल्व्हच्या इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्ह ह्यांची कधी गाठच पडत नाही. दोघांच्या वाटा वेगळ्या. वेळेची साखळी तुटली तर इंजिन मुकाट्याने बंद पडते, व्हॉल्व्ह वाकत नाही. उलट त्या फोर्डमध्ये धुराच्या तप्त वाटा ब्लॉकमधूनच जात, त्यामुळे पाणी फार तापे आणि व्हॉल्व्हची बैठक ते सिलिंडर अशी ब्लॉकलाच चीर जाई. वरच्या व्हॉल्व्हचे इंजिन अधिक जोमदार. हवा सरळ आत शिरते, जळण नीट जळते. पण तिथे पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकाच खोलीत राहतात. एक वर येतो तेव्हा दुसऱ्याने वाट सोडलीच पाहिजे. साखळी घसरली, दातेरी चाक एक दात चुकले, किंवा उतारावर चुकीचा गियर पडून इंजिन भलतेच पळाले, की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो आणि त्याची दांडी वाकते. म्हणजे वाकलेला व्हॉल्व्ह हे मोटारीचे उपजत दुखणे नव्हे. इंजिनाकडून जास्त ताकद मागितली गेली, तिची ही किंमत आहे. महिंद्राच्या पेट्रोल जीपमध्ये तर दोन्हींची तडजोड होती: हवेचा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, धुराचा खाली ब्लॉकमध्ये. सरकारी जीप उघडणाऱ्या मिस्त्रीला दोन्ही विद्या लागत.

१ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, ह्या वाटेवर मुंबई राज्याची पहिली एस. टी. धावली. आमचा भाग तेव्हा निजामातच होता. सप्टेंबरमध्ये ते राज्य संपले. १ नोव्हेंबर १९५१ रोजी हैदराबादचे बसखाते रेल्वेपासून वेगळे झाले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि १९६१ साली सगळ्या तुकड्या मिळून आजचे महामंडळ उभे राहिले. ह्या तारखा शाळेच्या पुस्तकात एखादे वेळी सापडतील. पण गाड्यांचा ताफा म्हणजे काय होते? सुरुवातीच्या एस. टी. त शेवरलेट, फोर्ड, बेडफर्ड, सेडन, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, ॲल्बियन, लेलँड, कॉमर आणि फियाट अशा दहा जातींच्या गाड्या होत्या. दहा जाती म्हणजे दहा तऱ्हेची हेडे, दहा प्रकारची पॅकिंगे, इंची आणि मेट्रिक पान्यांचा गोंधळ. त्यातच सरकारने धोरण घेतले की, ज्यांना येथे खरे उत्पादन करायचे नाही, नुसती जुळणी करायची आहे, त्यांनी जावे. १९५४ च्या सुमारास फोर्ड आणि जनरल मोटर्स ह्या दोघांनी मुंबईतले जुळणीचे कारखाने मिटवले. धोरण देशाच्या हिताचे होते ह्यात शंका नाही. टाटांची मर्सिडीझ आणि मद्रासची लेलँड त्यातूनच पुढे आली. परंतु रस्त्यावर धावणारी जुनी शेवरलेट काही त्या दिवशी थांबली नाही. तिचे हेड फुटले तर नवे कोठून आणायचे? उत्तर एकच: तेच सांधायचे.

बिडाला सांधा बसत नाही ही समजूत जुनी आहे, आणि ती नुसती आपल्याकडचीच नाही. १९१७ साली अमेरिका महायुद्धात उतरली तेव्हा तिच्या बंदरांत अडकून पडलेल्या जर्मन जहाजांच्या खलाशांनी जहाजे हातून जाण्याआधी इंजिनांची बिडाची सिलिंडरे घणांनी फोडून ठेवली. नवी ओतायची तर दीर्घकाळ लागेल आणि तोवर युद्ध संपेल, असा त्यांचा हिशेब. अमेरिकेच्या आरमाराने ती सिलिंडरे विजेच्या वेल्डिंगने आणि ठिगळांनी सांधली, आणि तीच जहाजे काही महिन्यांत सैनिक घेऊन युरोपला निघाली. जे तज्ज्ञांना भंगार वाटले ते कारागिराने पाण्यात उतरवून दाखवले.

आमच्याकडची रीत अधिक गरीब, पण तत्त्व तेच. आधी चीर शोधायची. हेड स्वच्छ धुऊन त्याच्यावर रॉकेल चोळायचे, कोरडे पुसायचे आणि खडूची पूड लावायची. चिरेत मुरलेले रॉकेल हळूहळू वर येते आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. काही म्हातारे मिस्त्री आधी हेड टांगून हातोडीने हळूच वाजवून पाहतात. सासुरवाशीण बाजारात मडके घेताना जशी बोटाने वाजवून घेते, तसेच. धड बीड खणखणते, चिरलेले बद्द वाजते. मोठ्या कारखान्यात पाण्याच्या वाटा पट्ट्यांनी बंद करून आत हवेचा दाब देतात आणि हेड गरम पाण्यात बुडवून बुडबुडे पाहतात. ती परीक्षा अर्थातच अधिक खरी.

चीर सापडली की तिच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडायचे, म्हणजे ती पुढे धावत नाही. मग चीर कोरून इंग्रजी व्ही अक्षरासारखी करायची, सगळे हेड कोळशाच्या भट्टीत सावकाश तापवायचे, आणि टाकणखार लावून पितळेने सांधायचे. खरी कसोटी पुढे आहे. सांधलेले हेड राखेत पुरून रात्रभर, वेळ पडल्यास दुसऱ्या दिवशीपर्यंत निवू द्यावे लागते. घाई केली की सांध्याच्या शेजारी नवी चीर. मालक भट्टीपाशी उभा राहून घड्याळ पाहतो आणि मिस्त्री त्याला ‘उद्या’ म्हणतो, तेव्हा तो आळस नसतो, धातूचा कायदा असतो. दुसरी रीत थंड शिवणीची. चिरेच्या रेघेवर एकात एक अडकतील अशी भोके पाडून, आटे घालून, त्यांत पिना आवळत जायचे. ह्यात आग लागत नाही, म्हणून हेड वाकतही नाही. मात्र व्हॉल्व्हच्या दोन बैठकांमधली चीर बैठकीच्या खोल गेली असेल तर ते हेड टाकावे हे जाणता मिस्त्री आधीच सांगतो.

फुटण्याच्या अलीकडची पायरी वाकण्याची. तापलेल्या इंजिनाचे हेड सोडले तर वाकते. बोल्ट एका टोकाकडून आवळत गेले तरी वाकते. ते मधून बाहेर, आडवेतिडवे, दोन-तीन खेपांत आवळायचे असतात. सरळपट्टी ठेवून खालून पातळ पात्याने फट मोजायची. एक दशांश मिलीमीटरहून फट अधिक असली तर पॅकिंग कितीही नवे घाला, टिकायचे नाही. हेडचा तळ यंत्रावर घासून सपाट केलाच पाहिजे. ह्याला आमच्याकडे ‘फेसिंग मारणे’ म्हणतात. पुष्कळ फेसिंग मारलेल्या हेडचा मात्र धोका वेगळा: हेड खाली येते तसे व्हॉल्व्हही पिस्टनच्या जवळ येतात. डिझेल इंजिनात ही फट आधीच एखाद्या मिलीमीटरची असते. म्हणजे एक दुखणे बरे करताना दुसऱ्याला दार उघडते. घेतलेल्या प्रत्येक फेसिंगची नोंद हवी असे आम्ही म्हणतो ते ह्यासाठी. पण त्याविषयी पुढे.

वाकलेल्या व्हॉल्व्हचे शास्त्र थोडक्यात सांगता येते: तो सरळ करू नये. दांडी ऐरणीवर ठोकून सरळ दिसेल, लेथवर फिरवून डोळ्यालाही पटेल. पण एकदा वाकून परत आलेला पोलाद आतून थकलेला असतो. पुढे टोपी दांडीपासून तुटून पिस्टनवर पडली की पिस्टन, हेड आणि सिलिंडर तिन्ही जातात. जळालेला पण सरळ असलेला व्हॉल्व्ह घासून वापरता येतो. त्याची कड एक मिलीमीटरच्या आसपास उरली असली पाहिजे, तिची धार झाली असेल तर तो टाकायचा. बैठक जुळवायची ती कार्बोरंडमच्या लेपाने. चोखणीची काठी टोपीला चिकटवून ती दोन्ही तळव्यांत रवीसारखी घुसळायची, मधूनमधून उचलायची, थोडी फिरवून पुन्हा टेकवायची. करड्या रंगाची अखंड कडी उमटली की झाले. आठ व्हॉल्व्ह घुसळून झाले की तळव्यांना फोड येतात. शिकाऊ पोराच्या हाताला पहिला घट्टा पडतो तो इथे.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हे सारे सांगितले तिच्याकडे येतो. आमच्या जिल्ह्यातून दर वर्षी दसरा-दिवाळीनंतर ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. ट्रॅक्टर, मागे दोन ट्रेलर, त्यांत माणसे, भांडी, शेळी, लेकरे. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि हंगामभर तोडलेल्या उसातून ती फिटायची असते. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या अशाच एका टोळीचा ट्रॅक्टर चढावर तापला. रेडिएटरचे पाणी उकळून उडाले. मालकाचा फोनवर हुकूम आला: पाणी घाल आणि हो पुढे. चालकाने शेजारच्या विहिरीचे गार पाणी ओतले. तापलेल्या बिडावर गार पाणी. पुढचे तुम्हांला कळलेच असेल. इंजिनाचे तेल ताकासारखे पांढरे झाले. टोळी तीन दिवस रस्त्याच्या कडेला बसून राहिली. हंगाम संपून हिशेब झाला तेव्हा हेडचा खर्च आणि बुडालेले दिवस चालकाच्या व टोळीच्या नावावर मांडलेले निघाले. कारण? ‘गार पाणी त्यांनी ओतले.’

प्रकरण आमच्याकडे आले. दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकून काही निष्पन्न होईना. मालक गार पाण्यावर अडून बसला होता आणि ती गोष्ट खोटी नव्हती. शेवटी ज्याने हेड उतरवले होते त्या मिस्त्रीला आम्ही बोलावले. त्याने जुने पॅकिंग फेकले नव्हते. ते त्याने सतरंजीवर पसरले आणि बोट ठेवून दाखवले: दोन सिलिंडरांच्या मधली पट्टी जळून काळी झालेली, आणि त्या काळ्या वाटेची कड गुळगुळीत. एका दिवसात जळालेल्या पॅकिंगची कड खरखरीत राहते. गुळगुळीत कड म्हणजे वायू महिनोन् महिने तिथून निसटत होता आणि पाणी तापवत होता. मग त्याने रेडिएटरची कापून ठेवलेली नळी दाखवली. क्षाराने निम्मी बुजलेली. इंजिन घरून निघतानाच आजारी होते. गार पाणी हा शेवटचा धक्का, मूळ रोग नव्हे. मालक गप्प झाला आणि खर्च टोळीच्या नावावरून निघाला. त्या दिवशी वकिलाला जे जमले नसते ते एका जळक्या अस्तराने केले. पण अस्तर नुसते पडून राहिले असते तर मुकेच राहते. ते वाचणारा माणूस होता.

सगळ्याच वेळी असे होत नाही. पुष्कळदा खापर मिस्त्रीच्याच माथी फुटते. मालक म्हणतो, नवा व्हॉल्व्ह कशाला, आहे तोच सरळ कर. मिस्त्री नको म्हणतो. मालक दुसऱ्या गॅरेजची धमकी देतो. मिस्त्री ठोकून देतो. आठवड्याने टोपी तुटते आणि ‘तुझे काम कच्चे’ म्हणून नुकसान त्याच्याकडून वसूल होते. १९३६ च्या वेतन कायद्याने सांगितले होते की नुकसानीपोटी पगार कापायचा तर ते नुकसान कामगाराच्या हयगयीनेच झालेले असले पाहिजे, आणि आधी त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे. तत्त्व उत्तम आहे. पण चार माणसांच्या गॅरेजात कोण कोणाचे म्हणणे लिहून घेतो? १९४८ चा कारखाने कायदा यंत्रशक्तीवर दहा माणसे असतील तिथेच लागत असे. २०२० च्या श्रमसंहितेने तो आकडा वीस केला. रस्त्यावरचे गॅरेज आधीही बाहेर होते, आता आणखी बाहेर गेले.

आणि शरीराचे काय? जुनी पॅकिंगे तांबे आणि ॲस्बेस्टॉसची असत. ती खरवडताना उडणारी धूळ फुप्फुसांत जन्मभर राहते, हे खरवडणाऱ्याला कोणी सांगितले नाही. पेट्रोलमध्ये शिसे घालत, त्याचा थर व्हॉल्व्हच्या बैठकीला जपत असे. म्हणजे इंजिनाला ते औषध आणि माणसाला विष. १९२४ साली अमेरिकेत न्यू जर्सीच्या बेवे येथील कारखान्यात ते शिसेयुक्त द्रव्य बनवताना पाच कामगार मेले, तेव्हापासून जगाला हे ठाऊक होते. आपल्याकडे देशभर शिसेविरहित पेट्रोल झाले ते २००० साली. मधली पंचाहत्तर वर्षे आमची पोरे त्याच पेट्रोलने हात धूत होती आणि नळी तोंडाने ओढत होती. १९८६ च्या बालकामगार कायद्याखालील धोक्याच्या यादीत मोटार-गॅरेजचे नाव पुढे घालण्यात आले, आणि २०१६ पासून चौदा वर्षांखालच्या मुलाला कोणत्याच धंद्यात कामाला ठेवता येत नाही. तरीही ‘छोटू’ हा शब्द गॅरेजातून गेलेला नाही.

आज हेडे ॲल्युमिनियमची झाली. ती बिडासारखी ठणकन फुटत नाहीत, पण लवकर वाकतात. साखळीच्या जागी पुष्कळ मोटारींत पट्टा आला. तो वेळेवर बदलला नाही आणि तुटला की बहुतेक इंजिनांत सगळे व्हॉल्व्ह एकदम जातात. कंपनीच्या वर्कशॉपात दुरुस्ती म्हणजे डबा उघडून नवा भाग बसवणे. तिथल्या पोराला हेड वाजवून पाहायला सांगितले तर तो हसेल, आणि त्याला दोष देता येत नाही. एस. टी. त विजेच्या बसही आल्या. त्यांना हेड नाही, व्हॉल्व्ह नाही, पॅकिंग नाही. शेतातला आणि उसाचा ट्रॅक्टर मात्र अजून डिझेलचाच आहे, आणि नांदूरघाटाच्या रस्त्यावर दसऱ्याच्या आधी हेडे उतरतातच.

म्हणून आम्ही आमच्या भागातल्या काही गॅरेजांत एक साधी दोनशेपानी वही ठेवायला लावली आहे. रेल्वेच्या कारखान्यात जी गोष्ट शंभर वर्षांपूर्वी होती ती रस्त्यावरच्या गॅरेजात आज. हेड उतरले की तारीख, पॅकिंग कोठे जळाले, फट किती होती, फेसिंग कितवी, कोणते व्हॉल्व्ह टाकले आणि कोणते घासून ठेवले. शेवटच्या रकान्यात, मिस्त्रीने काय सुचवले आणि मालकाने काय करायला सांगितले. खाली दोघांच्या सह्या. जुने पॅकिंग तारेत ओवून भिंतीला टांगायचे, हंगाम संपेपर्यंत टाकायचे नाही. मिस्त्री प्रथम लाजले. लिहिणे हे आपले काम नव्हे असे त्यांना वाटे, आणि एकदोघांनी आपल्या शाळकरी मुलींना लिहायला बसवले. मालक सही करताना कुरकुर करतात. वाकलेला व्हॉल्व्ह सरळ करून बसवा असे शेवटच्या रकान्यात लिहून त्याखाली सही करायला मात्र अजून एकही मालक तयार झालेला नाही. ते नवा आणून देतात.